लाल रंगातली ओळ

(पिंपरी-चिंचवड इथल्या युवा मेळाव्यात जानेवारी २०२६ मध्ये केलेल्या भाषणाचा मजकूर)



मित्रमैत्रिणींनो, मला दिलेला विषय होता 'मुस्लिम तरुण आणि तंत्रज्ञान'. मी आयोजकांना विनंती केली की मला एवढा मोठा विषय झेपणार नाही. मी एका छोट्या गोष्टीबद्दल बोलतो. पाचवीच्या वर्गाबद्दल, त्या वर्गाच्या बाईंबद्दल, शिष्यवृत्ती परीक्षेबद्दल आणि मी बनवलेल्या एका एक्सेल शीटबद्दल. त्या शीटमुळे एका मुलीचं नुकसान झालं. ते कसं झालं हे सांगितलं तर तुमच्यातले जे कुणी असं काम करतील, त्यांच्या हातून ते होणार नाही.

आधी एक गोंधळ दूर करतो. आपल्या घरांत 'स्कॉलरशिप' म्हटलं की डोळ्यांसमोर येतं उत्पन्नाचा दाखला, बँकेचं पासबुक आणि सायबर कॅफेतली रांग. म्हणजे अल्पसंख्याकांची प्री-मॅट्रिक शिष्यवृत्ती. ती पहिलीपासून मिळायची. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्र सरकारने पहिली ते आठवीसाठी ती बंद केली आणि फक्त नववी-दहावीपुरती ठेवली. कारण असं दिलं की आठवीपर्यंतचं शिक्षण कायद्याने मोफतच आहे. ते योग्य की अयोग्य, यावर इथे वेगळं भाषण होऊ शकतं. मी बोलतोय ती दुसरी शिष्यवृत्ती. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद जी परीक्षा घेते, ती. तिला जात, धर्म, उत्पन्न काही लागत नाही. पेपर द्यायचा, गुण मिळवायचे.

ही परीक्षा १९५० च्या दशकापासून आहे. तुमच्या वडिलांनी दिली असेल तर चौथीत किंवा सातवीत दिली असेल. २०१६-१७ पासून ती पाचवी आणि आठवीला गेली. जिल्हा परिषदेच्या बऱ्याच शाळा चौथीपर्यंतच असतात. मूल पाचवीला दुसऱ्या शाळेत गेलं की पहिल्या शाळेच्या गुरुजींनी घेतलेली मेहनत तिथेच राहते आणि नव्या शाळेला मूल अजून ओळखीचं नसतं. त्यामुळे परीक्षेला बसणारी मुलं घटली. शेवटी गेल्या ऑक्टोबरमध्ये शासनाने ठरवलं की परीक्षा परत चौथी आणि सातवीला न्यायची. या संक्रमणाच्या वर्षात, म्हणजे २०२५-२६ मध्ये, पाचवी-आठवीचीही होणार आणि चौथी-सातवीचीही होणार. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी मला तो लागणार आहे.

परीक्षा कशी असते ते थोडक्यात सांगतो. पाचवीला दोन पेपर. पहिल्यात प्रथम भाषा आणि गणित. दुसऱ्यात तृतीय भाषा आणि बुद्धिमत्ता चाचणी. प्रत्येक पेपरात ७५ प्रश्न, दीडशे गुण, दीड तास. चार पर्याय, एक बरोबर. उत्तर लिहायचं नाही, ओएमआर उत्तरपत्रिकेवर पेनाने गोल रंगवायचा. एकदा रंगवला की खोडता येत नाही. प्रत्येक पेपरात किमान ४० टक्के मिळाले तर मूल 'पात्र' ठरतं. पात्र मुलांमधून गुणवत्ता यादीनुसार शिष्यवृत्ती मिळते. २०२३ मध्ये रक्कम वाढवली, पाचवीला वर्षाला पाच हजार झाले. पण पैशापेक्षा मोठी गोष्ट वेगळी आहे. दहा वर्षांच्या मुलाला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी शाळेबाहेरचं सांगतं की तू पात्र आहेस. ज्या घरात कुणी दहावीच्या पुढे गेलेलं नाही, तिथे तो कागद भिंतीवर लागतो.

आता माझी गोष्ट.

२०२३ च्या पावसाळ्यात आम्ही चार मित्र मोशी-भोसरी भागातल्या एका मराठी माध्यमाच्या महापालिका शाळेत गेलो. आम्ही चौघेही सॉफ्टवेअरवाले, कुणी तळवड्याला, कुणी हिंजवडीला. कंपनीत वर्षातून एकदा टी-शर्ट घालून झाडं लावायची असतात, तसंच काहीतरी डोक्यात होतं. पाचवीच्या बाईंनी आम्हाला बसवलं, चहा मागवला आणि विचारलं, "तुम्ही मुलांना शिकवायला आलात की फोटो काढायला?"

आम्ही म्हटलं, शिकवायला.

बाई म्हणाल्या, "शिकवायचं मी बघते, ते माझं काम आहे. तुम्हाला मदत करायचीच असेल तर पेपर तपासून द्या."

त्या क्षणी मला ते जरा कमीपणाचं वाटलं. इंजिनिअरिंगची पदवी घेऊन पेपर तपासायचे? मग मी हिशेब केला. वर्गात ३८ मुलं. एका सरावाचे दोन पेपर, म्हणजे दीडशे प्रश्न. ३८ गुणिले १५०, एकूण ५,७०० उत्तरं. एका सरावाची. आणि बाईंनी असे दहा सराव घ्यावेत अशी अपेक्षा असते. त्याच बाईंना शालेय पोषण आहाराची नोंद ठेवायची असते, यू-डायसची माहिती भरायची असते, बीएलओ म्हणून मतदार यादीसाठी घरोघर फिरायचं असतं. आज इथे बसलोय तेव्हा १५ तारखेच्या महापालिका निवडणुकीच्या प्रशिक्षणाला शहरातले किती शिक्षक गेलेत ते बघा, आणि शिष्यवृत्तीचा अभ्यास याच दिवसांत व्हायचा असतो हेही बघा.

परवा ३ जानेवारीला आपण सावित्रीबाईंची जयंती साजरी केली. ९ तारखेला फातिमाबी शेख यांची करू. हार घालू, फोटो काढू. सावित्रीबाईंचं १० ऑक्टोबर १८५६ चं जोतीरावांना लिहिलेलं एक पत्र आहे. आजारपणामुळे त्या माहेरी होत्या. त्या पत्रात फातिमाचा उल्लेख येतो तो असा, की आपण इथे असल्यामुळे तिच्यावर कामाचा ताण पडत असेल, पण ती तक्रार करणार नाही. फातिमाबींबद्दल आपल्याकडे खात्रीने सांगता येण्यासारखं फार थोडं आहे, पण एवढं आहे. एका शिक्षिकेवर कामाचा ताण पडतोय आणि तो कुणाच्या तरी लक्षात आलाय. जयंतीला मला हेच आठवावंसं वाटतं. आपल्या वस्तीतल्या शाळेच्या बाईंवर किती ताण आहे, हे आपल्यातल्या कुणाच्या लक्षात आलंय का?

तर आम्ही पेपर तपासायला घेतले. अर्थात हाताने नाही. मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. मोबाईलवर उत्तरपत्रिकेचा फोटो काढायचा, प्रोग्रॅम गोल वाचणार, गुण शीटमध्ये जाणार. ३८ मुलांचा पेपर वीस मिनिटांत तपासून व्हायचा. बाई खूश, आम्ही खूश. बाईंना आधी जो पेपर तपासायला दोन संध्याकाळी लागायच्या, त्याचे गुण मधल्या सुट्टीत मिळू लागले.

मग मी शीट आणखी सोयीची केली. गुणांप्रमाणे मुलं वरपासून खाली लावली. ६० टक्क्यांच्या वर हिरवं, मधलं पिवळं, ४० च्या खाली लाल. कंपनीत आम्ही रोज असे रंग बघतो. मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही.

फॉर्म भरायची वेळ आली. हा फॉर्म पालक भरत नाहीत, शाळा तिच्या लॉगिनमधून भरते, आणि प्रत्येक मुलामागे फी असते. शिवाय निकाल लागला की शाळेची टक्केवारी निघते. इतकी मुलं बसली, इतकी पात्र झाली. बैठकीत तो आकडा वाचला जातो. त्यामुळे अनेक शाळांमध्ये न बोलता एक गोष्ट घडते. जी मुलं होतील अशी वाटतात, त्यांचेच फॉर्म भरले जातात. त्या वर्षी कुणाला बसवायचं हे ठरवताना माझी शीट टेबलावर होती. लाल ओळी वगळल्या गेल्या. कुणी दुष्टपणा केला नाही. शीटमध्ये स्पष्ट दिसत होतं, आणि शीट इंजिनिअरने बनवलेली होती.

जानेवारीत मी घरी जुन्या उत्तरपत्रिकांची चवड लावत होतो. प्रोग्रॅमच्या चाचणीसाठी त्या हव्या होत्या. एका मुलीची प्रश्नपुस्तिका आणि उत्तरपत्रिका सोबत टाचलेली होती. पुस्तिकेत तिने पेन्सिलने प्रत्येक प्रश्नाला तिला बरोबर वाटलेल्या पर्यायावर खूण केली होती. सहज बघितलं तर १४ व्या प्रश्नाला खूण नाही, सोडून दिलेला. उत्तरपत्रिकेत मात्र १४ व्या ओळीत गोल रंगवलेला आणि शेवटची, ७५ वी ओळ कोरी.

तुमच्यातल्या ज्यांनी ओएमआर भरलंय त्यांना कळलं असेल. तिने १४ वा प्रश्न सोडला, पण ओळ सोडली नाही. १५ व्याचं उत्तर १४ च्या ओळीत, १६ व्याचं १५ च्या ओळीत, असं शेवटपर्यंत. ६१ उत्तरं एकेक ओळ वर सरकलेली. माझ्या प्रोग्रॅमने तिची २६ उत्तरं बरोबर धरली होती. दीडशेपैकी ५२ गुण. पात्रतेला ६० लागतात, म्हणून लाल. मी पुस्तिकेवरून पुन्हा मोजलं. ४९ बरोबर. ९८ गुण. वर्गातल्या पहिल्या सहा-सात मुलांत ती बसली असती.

फॉर्मची मुदत संपून गेली होती. विलंब शुल्काचीही.

मी दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन बाईंना दाखवलं. बाई बराच वेळ कागद बघत बसल्या. म्हणाल्या, "आधी मी हाताने तपासायचे ना, तेव्हा असं झालं की माझ्या लक्षात यायचं. सलग दहा चुका दिसल्या की मी थांबायचे." मित्रहो, त्या मला दोष देत नव्हत्या. पण मी त्यांच्या दोन संध्याकाळी वाचवल्या आणि त्यांची नजरही काढून घेतली, एवढं मला त्या वाक्यात ऐकू आलं.

त्या मुलीचे वडील चाकणला एका प्रेस शॉपमध्ये तपासणीच्या टेबलावर काम करतात. कंत्राटी. कुटुंब मराठवाड्यातून आलेलं, दोन वर्षांत दोनदा खोली बदललेली, मुलीची शाळाही दोनदा बदललेली. मी त्यांच्या घरी गेलो. गेलं पाहिजे असं वाटलं. सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "भाई, अब इम्तिहान दे सकती क्या?" मी म्हटलं, नाही. मग ते म्हणाले, "हमारे यहाँ पार्ट रिजेक्ट करने के पहले गेज चेक करते."

मोजायचं साधन बरोबर आहे का ते आधी बघायचं, मग माल नाकारायचा. या पट्ट्यातल्या कुठल्याही शॉपमधला हा पहिला नियम. तो मला चाकणच्या एका कामगाराने त्याच्या मुलीच्या निमित्ताने शिकवला.

यानंतर आम्ही काम बदललं. काय बदललं ते सांगतो, कारण तुम्हाला उपयोगी पडेल ते हेच आहे.

पहिली गोष्ट, रंग काढून टाकले. मुलांची वर-खाली यादीही काढली. शीटमध्ये आता ओळी मुलांच्या नाहीत, प्रश्नांच्या आहेत. प्रत्येक प्रश्नासमोर बाईंना दिसतं की कुठला पर्याय किती मुलांनी निवडला. आणि सलग सहा-सात उत्तरं चुकली की प्रोग्रॅम फक्त एवढंच सांगतो, 'हा कागद डोळ्यांनी बघा'. शिवाय सुरुवातीचे दोन-तीन सराव गुणांसाठी नसतातच. गोल कसा रंगवायचा, प्रश्न सोडला तर ओळ कशी सोडायची, पुस्तिकेवरचा ए, बी, सी, डी संच कोड उत्तरपत्रिकेवर कसा नोंदवायचा, एवढ्यासाठीच असतात. ज्या घरात मोठ्या भावाने कधी ओएमआर भरलेलं नाही, त्या मुलाला हे कुणी सांगितलेलं नसतं. खासगी क्लासमध्ये ते पहिल्या आठवड्यात सांगतात.

दुसरी गोष्ट, चुकीच्या उत्तराकडे नीट बघायला लागलो. तुमच्यातले जे शॉप फ्लोअरवर आहेत त्यांना 'व्हाय-व्हाय अ‍ॅनालिसिस' माहीत आहे. पार्ट बिघडला की 'का' विचारायचं, उत्तर आलं की त्यालाही 'का' विचारायचं. शिष्यवृत्तीच्या तयारीत आपण काय करतो? मूल चुकलं की अजून एक सराव पेपर देतो. मग अजून एक. म्हणजे बिघडलेल्या डायवर अजून शंभर पार्ट काढायचे.

उदाहरण देतो. गणितात प्रश्न होता, ०.५ अधिक ०.२५ किती? बरोबर उत्तर ०.७५. वर्गातल्या बऱ्याच मुलांनी ०.३० निवडलं. हा निष्काळजीपणा नाही. ५ आणि २५ मिळवले की ३० होतात. मुलांना दशांश चिन्हानंतरची संख्या नेहमीच्या संख्येसारखी वाटते आहे. ही समजूत शंभर पेपर दिले तरी जाणार नाही. बाईंनी ती दहा मिनिटांत घालवली. पन्नास पैसे आणि पंचवीस पैसे, फळ्यावर रुपयांत लिहून. आम्हाला हे सुचलं नसतं. आमचं काम एवढंच होतं की अर्ध्या वर्गाने एकाच चुकीच्या ठिकाणी बोट ठेवलंय, हे बाईंना सोमवारी सकाळी वर्गात जाण्याआधी कळावं.

दुसरं उदाहरण. 'त्र्याहत्तर' ही संख्या अंकात कशी लिहाल? मुलं ३७ निवडतात, कारण कानाला आधी तीन ऐकू येतात. हे फक्त आपल्या किंवा परप्रांतातून आलेल्या मुलांचं होत नाही. आठवतंय, २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशी संख्यावाचनाची पद्धत दिली होती, त्यावरून केवढा वाद झाला, विनोद झाले? गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. त्या सांगत होत्या ती अडचण खरी होती. मराठी घरातल्या मुलालाही 'त्र्याहत्तर' अडतं. मग ज्याच्या घरी दखनी बोलतात, भोजपुरी बोलतात, त्याला ते थोडं जास्त अडतं, एवढंच.

तिसरं उदाहरण खास आपल्या घरांतलं आहे. बुद्धिमत्ता चाचणीत नातेसंबंधाचे प्रश्न असतात. आत्याच्या मुलाची आई तुमच्या वडिलांची कोण? आमच्या मुली-मुलांचा हा प्रश्न ठरलेला चुकायचा. बाईंना वाटायचं तर्क कच्चा आहे. एका मुलाला मी विचारलं, फुफीच्या मुलाची अम्मी तुझ्या अब्बांची कोण? तो म्हणाला, "बहन. उसमें क्या!" तर्क पक्का होता, 'आत्या' शब्दच माहीत नव्हता. त्याच्या घरात फुफी आहे, खाला आहे, चाची आहे. आत्या, मावशी, काकू, नणंद, जाऊ, दीर हे शब्द त्याने पुस्तकाबाहेर ऐकलेले नाहीत. आम्ही एक तक्ता केला. एका बाजूला मराठी नाव, दुसऱ्या बाजूला मुलांच्या घरात म्हणतात ते. तो तक्ता मुलांनीच भरला. त्यात नेपाळी आली, भोजपुरी आली, वडारी आली. बाई म्हणाल्या, "पंधरा वर्षं शिकवतेय, माझ्या वर्गात एवढ्या आत्या आहेत हे मला माहीत नव्हतं."

तिसरी गोष्ट, सगळ्यांचे फॉर्म. २०२४-२५ मध्ये मुख्याध्यापकांशी बसून बोललो. त्यांची भीती खरी होती, ती मी नाकारली नाही. सगळी मुलं बसवली तर टक्केवारी पडेल. ती पडलीच. पण पात्र झालेल्या मुलांची संख्या वाढली. टक्केवारी आणि संख्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे आपण मुलांना शिकवतो आणि बैठकीत बसलो की स्वतः विसरतो. फीची अडचण ज्यांना होती त्यांची फी वस्तीतल्या लोकांनी भरली. कुणाची कुणी भरली ते कुणाला सांगितलं नाही.

चौथी गोष्ट, गुरुवार. पालकसभा आधी शनिवारी असायची आणि कुणी यायचं नाही. शिक्षकांचा समज, पालकांना आस्था नाही. आपल्या औद्योगिक पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, हे आम्हा आयटीवाल्यांच्या लक्षातच आलं नाही, कारण आमची सुट्टी शनिवार-रविवार. सभा गुरुवारी ठेवली आणि वर्गात बसायला जागा पुरली नाही. अब्बा लोक आले, पहिल्यांदा शाळेच्या आत आले. त्यांना आम्ही एकच गोष्ट सांगितली. डिसेंबर-जानेवारीत खोली बदलायची असेल तर आधी बाईंना भेटा. परीक्षा होईपर्यंत मूल त्याच शाळेत राहील असं काहीतरी बघू.

आता दोन आक्षेप. पहिला आपल्याच लोकांचा. ते म्हणतात, एवढी मेहनत करताय तर मोहल्ल्यात आपल्या मुलांसाठी वेगळा क्लास का काढत नाही? काढा, त्याला माझा विरोध नाही. पण क्लासमध्ये वीस मुलं येतील, ज्यांना आई-बाप पाठवतील ती. ती मुलगी आली नसती. शाळेत ती रोज येत होती. आणि बाई शाळेत आहेत. एका बाईंचं काम सोपं झालं तर पुढची पंधरा वर्षं त्यांच्या वर्गात येणाऱ्या प्रत्येक मुलाला ते मिळतं. त्यातली काही मुलं आपली असतील, काही नसतील. उत्तरपत्रिकेवरचा गोल सगळ्यांचा सारखाच काळा होतो.

दुसरा आक्षेप शिक्षणात काम करणाऱ्या मित्रांचा. ते म्हणतात, अशा परीक्षा मुळातच चुकीच्या, चार पर्यायांत मूल मावत नाही. बरोबर आहे. चाकणच्या पलीकडे, खेड तालुक्यातच जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळा आहे. गेल्या वर्षी तिला जगातल्या उत्तम शाळांच्या स्पर्धेत लोकपसंतीचा पुरस्कार मिळाला. तिथे मुलं 'विषयमित्र' होऊन एकमेकांना शिकवतात. तसं शिक्षण सगळीकडे व्हावं. पण ते होईपर्यंत परीक्षा थांबणार नाही. ज्यांच्याकडे क्लासचे पैसे आहेत ते ती देतच राहतील. परीक्षा वाईट आहे म्हणून आपण आपल्या मुलांना तिच्या बाहेर ठेवलं, तर परीक्षेचं काही बिघडत नाही. आम्ही एक मर्यादा मात्र पाळतो. आठवड्याला दोनच तासिका. खेळाचा तास, चित्रकलेचा तास शिष्यवृत्तीसाठी घ्यायचा नाही. हा नियम बाईंनी केलाय आणि तो आम्ही मोडू दिलेला नाही.

तुम्ही काय करू शकता? इथे बसलेल्या प्रत्येकाच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर एक महापालिकेची किंवा जिल्हा परिषदेची शाळा आहे. मराठी असेल, उर्दू असेल. दोन्हीकडे ही परीक्षा आहे. तिथे जा. योजना घेऊन जाऊ नका. बाईंना, आपांना, सरांना विचारा की तुमचा वेळ कशात जातो. मग त्यातलं जे शिकवणं नाही, ते तुम्ही उचला. उत्तरपत्रिकांच्या झेरॉक्स काढा. पेपर तपासा. परिषदेच्या संकेतस्थळावर अंतरिम उत्तरसूची लागते, तीवर आक्षेप घेता येतो, ती बाईंसोबत बसून बघा. शाळेच्या लॉगिनचा पासवर्ड मागू नका आणि दिला तरी घेऊ नका. मुलांची माहिती तुमच्या मोबाईलमध्ये ठेवू नका. फोटो काढू नका. आणि काही बनवलंत, अ‍ॅप असो की शीट, तर ते कुणाला बाहेर काढतंय हे आधी बघा. मी ते शेवटी बघितलं.

आठवीतल्या मुलांसाठी एनएमएमएस ही आणखी एक परीक्षा आहे. सरकारी, अनुदानित आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतल्या, कुटुंबाचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असलेल्या मुलांसाठी. त्यात नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला बारा हजार मिळतात. तुमच्या शेजारच्या आठवीतल्या मुलाला ती माहीत आहे का, एवढं आज घरी जाताना विचारा.

शेवटी त्या मुलीबद्दल. २०२३-२४ मध्ये ती पाचवीत होती. ती संधी गेली, ती मी परत आणू शकलो नाही. ती आता सातवीत आहे. सुरुवातीला मी म्हटलं होतं की यंदा सातवीचीही परीक्षा होणार आहे. ऑक्टोबरमध्ये तो निर्णय आला त्या दिवशी मी ऑफिसमधून बाईंना फोन केला. बाई म्हणाल्या, "मला माहीत आहे तुम्ही कुणासाठी फोन केलाय. तिचं नाव मी सातवीच्या सरांकडे पहिलंच लिहून दिलंय."

ती पात्र होईल की नाही, मला माहीत नाही. गेल्या गुरुवारी तिच्या वडिलांनी तिला शाळेत आणून सोडलं. सराव पेपर झाल्यावर ती उत्तरपत्रिका माझ्याकडे घेऊन आली. प्रत्येक दहाव्या ओळीपाशी तिने पेन्सिलने बारीक रेघ मारली होती. मी विचारलं, हे काय? म्हणाली, "सर, लाईन चेक करायला."

मी तिला सांगितलं की खऱ्या उत्तरपत्रिकेवर अशा जादा खुणा करायच्या नसतात, रेघा पुस्तिकेवर मार. तिने मान डोलावली आणि तिथेच बसून खोडरबराने एकेक रेघ पुसली. त्या दिवशीचा तिचा पेपर मी हाताने तपासला.